प्रकल्प नोंदी: इस्त्री बंद केली होती का?

६ जानेवारी २०२५

आज थोडक्यात निभावलं. सकाळी साडेआठला घाईघाईत बाहेर पडले, चष्मा राहिला म्हणून वीसेक मिनिटांनी परत आले, तर दार उघडताच जळका वास. सुती कपडा करपल्याचा, किंचित गोडसर, घशात बसणारा. इस्त्री टेबलावर चांगली आडवी टेकलेली. खालची चादर तपकिरी, आणि तिच्याखालच्या फेल्टमधून धुराची बारीक रेघ. ज्वाळा नव्हती.

भिंतीवरचं बटण बंद केलं, पिन उपटली, इस्त्री मुठीला धरून फरशीवर उभी ठेवली. चादर आणि फेल्ट बादलीत बुडवलं. बाहेर काढून दहा मिनिटं झाली तरी फेल्टची एक कड हाताला गरमच लागत होती, म्हणून पुन्हा बुडवलं आणि या वेळी पिळून, उलगडून, आतून बघितलं. धुमसणाऱ्या कपड्याचं हे लक्षात ठेवायला हवं: वरून विझतो, आतून नाही.

संध्याकाळी घरात एकच निष्कर्ष निघाला, बाबा विसरले. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, रोज सकाळी स्वतःच्या कपड्यांना स्वतः इस्त्री करतात. ते म्हणाले, "मी बंद केली होती." धाकट्या भावाने माझ्याकडे बघून भुवई उडवली. बाबांनंतर मी माझ्या कॉलरवरून इस्त्रीचा एक हात फिरवला होता, एवढं मला आठवत होतं. बटणाचं काहीच आठवत नव्हतं. मी गप्प बसले.

वहीच्या पहिल्या पानावर प्रकल्पाचं नाव लिहिलं: बाबांसाठी इस्त्रीचा पहारेकरी.

८ जानेवारी

धाकट्याचा पहिला प्रश्न: "ताई, एमसीबी का नाही पडला?"

प्रश्न रास्त आहे. एमसीबी म्हणजे मीटरपाशी असतो तो आपोआप पडणारा खटका. काही गडबड झाली तर तो पडेल, असंच आपण सगळे धरून चालतो. पण त्या वीस मिनिटांत विजेच्या दृष्टीने गडबड काही झालीच नव्हती. आमची इस्त्री १००० वॅटची, २३० व्होल्टला ती ४.३५ अँपिअर घेते. खाली शर्ट असो, चादर असो की काही नसो, तेवढेच घेते. एमसीबी पडतो तो करंट फार वाढला किंवा शॉर्ट झालं तर. आरसीसीबी, म्हणजे गळतीचा खटका, पडतो तो करंट गळून जमिनीकडे जायला लागला तर, घरगुती असेल तर बहुधा ३० मिलिअँपिअरला. विसरलेली इस्त्री या दोघांच्या लेखी इमानेइतबारे काम करणारी इस्त्री आहे. आग लागून वायरचं आवरण वितळलं, दोन तारा एकमेकींना भिडल्या, की मग एमसीबी पडेल. म्हणजे वरातीमागून घोडं.

तेव्हा जे काही करायचं ते करंट मोजून भागणार नाही. वेळ मोजावा लागेल.

१२ जानेवारी

माळ्यावर एक बंद पडलेली जुनी इस्त्री होती. ती उघडली. अख्खी दुपार गेली, पण वाया नाही गेली.

तळात एक वळवलेली नळी असते. तिच्या आत नायक्रोमची तार आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. मल्टिमीटर लावून तारेचा रोध मोजला तर ५२ ओहम, म्हणजे ही कॉइल ठणठणीत. मग इस्त्री मेली कशाने? तारेच्या वाटेवर, कापडी बाहीत गुंडाळलेला एक छोटा थर्मल फ्यूज सापडला, फार तापलं की वीज तोडणारा. तो उडालेला. आणि तो का उडाला याचं उत्तर बोटभर अंतरावर होतं: थर्मोस्टॅटचे दोन संपर्कबिंदू एकमेकांना चिकटून बसलेले. नखाने सुटेनात. स्क्रूड्रायव्हर घातला तेव्हा टक् करून सुटले.

थर्मोस्टॅट म्हणजे वेगवेगळ्या वेगाने प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची एकमेकींना जोडलेली पट्टी. तापली की एक बाजू जास्त वाढते, पट्टी वाकते, संपर्क तुटतो. निवली की सरळ होते, पुन्हा जुळतो. ही युक्ती अठराव्या शतकातली, जॉन हॅरिसन या इंग्लिश घड्याळजीने सागरी घड्याळासाठी वापरलेली. विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी १८८२ साली घेतलं, पण थर्मोस्टॅट इस्त्रीत यायला पुढे काही दशकं जावी लागली. तोवर तापमान सांभाळणारं यंत्र म्हणजे इस्त्री करणारा माणूस.

तर या इस्त्रीत पट्टी चिकटली, तापमान चढत गेलं आणि शेवटी फ्यूजने जीव दिला. हा फ्यूज एकदाच उडतो, पुन्हा जुळत नाही. धाकटा म्हणाला, "मग त्याच्या जागी साधी वायर टाकली तर चालेल की इस्त्री!" चालेल. तीच तर भीती आहे. दुरुस्त करून आणलेली इस्त्री मस्त तापते म्हणून खूश व्हायच्या आधी आतला फ्यूज जागेवर आहे का, हे विचारायला पाहिजे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र त्या लाल दिव्याची. तो कुठे जोडलाय ते तारेला बोट लावत लावत पाहिलं. थर्मोस्टॅटच्या पुढे. म्हणजे दिवा 'इस्त्री चालू आहे' असं सांगतच नाही, 'आत्ता कॉइल तापतेय' एवढंच सांगतो. थर्मोस्टॅटने संपर्क तोडला की दिवाही विझतो, आणि त्या क्षणी जाता जाता नजर टाकणाऱ्याला वाटतं, बंद आहे. मिनिटभराने तो पुन्हा लागतो. तेव्हा बघायला कोणी नसतं.

इतकी वर्षं मी याच दिव्यावर विसंबून घराबाहेर पडत होते.

१९ जानेवारी

तापमानं मोजायला बसले आणि पहिला तास स्वतःच्या अज्ञानात घालवला. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर तीन ठिपक्यांवर तापलेल्या तळावर रोखला, तर ८१ अंश. पाण्याचा थेंब टाकला तर चुर्र होऊन उडाला, आणि हा म्हणतो ८१! कारण सोपं आहे: चकचकीत धातू स्वतःचं प्रारण फारच थोडं सोडतो आणि आजूबाजूचंच परावर्तित करतो. तो थर्मामीटर इस्त्रीचं कमी आणि खोलीचं जास्त मोजत होता. मल्टिमीटरबरोबर आलेली के-टाइप थर्मोकपलची, म्हणजे टेकवून तापमान मोजायची, तार टेकवली तेव्हा खरा आकडा मिळाला, १९६.

कपड्यांच्या लेबलवर जे ठिपके असतात त्यांच्या कमाल मर्यादा एक ठिपका ११०, दोन १५०, तीन २०० अंश. आमची इस्त्री तिसऱ्या ठिपक्यावर १८० ते २१२ मध्ये झुलत होती. जुन्या पट्टीला एवढं चालायचंच.

कापूस आपणहून पेट घेतो तो सुमारे ४०० अंशांच्या आसपास. मग २०० वर काय भीती, असं वाटतं. पण थर्मोस्टॅट स्वतःच्या जागेचं तापमान बघतो, कपड्याचं नाही. घड्या, फेल्ट, फोम यांत उष्णता कोंडते. कापूस करपताना स्वतःही उष्णता सोडायला लागतो आणि ती बाहेर पडायला वाट नसेल तर आतल्या आत धुमसणं सुरू होतं. त्याला ज्वाळा लागत नाही, वेळ लागतो. आणि थर्मोस्टॅट माळ्यावरच्या इस्त्रीसारखा चिकटला तर २०० हा आकडा उरतच नाही.

बंद केल्यावर उभी ठेवून निवताना मोजली. १०० च्या खाली यायला २१ मिनिटं, ५० च्या खाली यायला पाऊण तासाहून जास्त. 'बंद केली' आणि 'थंड झाली' या दोन वेगळ्या गोष्टी. कपाटात ठेवायची घाई करणाऱ्यांनी (मी) हे भिंतीवर लिहून ठेवावं.

२५ जानेवारी

वेळ मोजायची तर आधी इस्त्री चालू आहे की नाही हे कळायला हवं. त्यासाठी तारेतला करंट बाहेरून ओळखणारा सेन्सर, करंट ट्रान्सफॉर्मर, आला. चिमट्यासारखा उघडतो, वायरीभोवती मिटवायचा, कुठे कापाकापी नाही. ३० अँपिअरला १ व्होल्ट देतो. आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला जोडला, इस्त्री लावली.

"ताई, झीरोच दाखवतंय."

वायरिंग तपासलं, प्रोग्रॅम तपासला, दुसरा सेन्सर लावून पाहिला. झीरो. रात्री जेवताना डोक्यात प्रकाश पडला. मी चिमटा इस्त्रीच्या अख्ख्या केबलभोवती मिटवला होता. फेजमधून जितका करंट जातो तितकाच न्यूट्रलमधून परत येतो, दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात, सेन्सरला दिसतं शून्य. फक्त फेजच्या तारेभोवती घातला आणि ४.३ उमटलं.

गंमत म्हणजे आरसीसीबी नेमका याच चुकीवर चालतो. दोन्ही तारा एकाच वेटोळ्यातून नेतात आणि शून्याची वाट बघतात. शून्य आलं नाही म्हणजे कुठेतरी गळती आहे. माझी चूक कोणाचा तरी शोध होता.

१ फेब्रुवारी

आता नवी पंचाईत. थर्मोस्टॅटमुळे करंट सतत येत-जात राहतो. तापल्यावर साधारण २० सेकंद चालू, मिनिटभर बंद. प्रोग्रॅम दर वेळी 'इस्त्री बंद झाली' असं लिहून मोकळा. म्हणजे मी त्या लाल दिव्याचाच भाऊ तयार केला होता. उपाय: शेवटचा करंट दिसल्यापासून तीन मिनिटं शांतता असेल तरच बंद म्हणायचं. टेबलाखाली एक कंपनाचा सेन्सर चिकटवला. टेबल हलतंय आणि करंट येतोय, म्हणजे कोणीतरी इस्त्री करतंय. टेबल पाच मिनिटं निश्चल आणि करंट येतोय, म्हणजे विसरलं. आपोआप बंद होणाऱ्या इस्त्र्याही हालचालच बघतात. आडवी पडून राहिली तर बहुधा अर्ध्या मिनिटात, उभी असेल तर आठेक मिनिटांत बंद होतात.

टेबलाशेजारी कागद आणि पेन्सिल दोरीने बांधून ठेवली. इस्त्री सुरू करताना ज्याने त्याने आपलं अक्षर लिहायचं: ब, त, ध. आजपासून नोंद चालू.

दुपारी सेन्सर हलवताना प्लगला हात लागला आणि चटका बसला. इस्त्रीला नव्हे, प्लगला! सॉकेटच्या कडेला तपकिरी झाक. आणि गेला महिनाभर खोलीत मधूनच मासळीसारखा वास यायचा, तो इथला. सॉकेटचं प्लास्टिक तापलं की असा वास येतो, हे आत्ता कळलं. मेन बंद करून उघडलं, तर फेजचा स्क्रू अर्धा आटा सैल.

हिशेब करून पाहिला. सैल जोडात समजा अर्धा ओहम रोध आला. ४.३५ चा वर्ग साधारण १९, गुणिले अर्धा, साडेनऊ वॅट. ऐकायला काहीच नाही. पण हे साडेनऊ वॅट वाटाण्याएवढ्या जागेत, बंद डबीत, दर इस्त्रीला. तापून धातूवर थर चढतो, त्याने रोध वाढतो, त्याने आणखी तापतं. आणि एमसीबी? त्याला तर रोध वाढल्यामुळे करंट किंचित कमीच झालेला दिसतो!

सॉकेट नवीन बसवून घेतलं, १६ अँपिअरचं, वायरमनकडून. सेन्सर-बिन्सर मी करीन, भिंतीतल्या तारांशी मी खेळत नाही. आपल्या घराला आग इस्त्रीने लागायची की इस्त्रीच्या सॉकेटने, याची शर्यत चालली होती बहुतेक. या प्रकल्पातून अजून काही निघालं नाही तरी हा स्क्रू निघाला.

१० फेब्रुवारी

फोनवर संदेश पाठवायची सोय गेल्या आठवड्यात झाली. निकाल: नापास.

पहिल्या तीन दिवसांत सहा संदेश, त्यातले पाच खोटे. बाबा इस्त्री उभी करून गुंडी लावत बसतात, टेबल शांत, की माझ्या पर्समध्ये टिंगटिंग. चौथ्या दिवशी मी आवाज बंद केला. मग ७ तारखेला खरा संदेश आला आणि मी तो चाळीस मिनिटांनी पाहिला. घरी बाबा होते. फोन केला, तर म्हणाले, "केव्हाच बंद केली मी. वास आला तेव्हा."

जो इशारा मी दहा मैलांवर बसून वाचणार आणि ज्यावर मी काहीच करू शकणार नाही, तो इशारा नसून निव्वळ काळजी आहे.

काळजीवरून. बाहेर पडल्यावर 'बंद केली का?' म्हणून परत फिरायची मला जुनी खोड आहे. जिन्यातून परत, कधी फाटकातून परत. यावर व्हॅन डेन हाउट आणि किंड्ट या दोन डच संशोधकांचा २००३ सालचा प्रयोग वाचला. लोकांना संगणकावरची आभासी शेगडी पुन्हापुन्हा तपासायला लावली. वारंवार तपासणाऱ्यांची आठवण चुकीची झाली नाही, पण फिकी झाली, आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. अगदी पटलं. पन्नास वेळा बटण बघितलं की आजचं बघणं कालच्या बघण्यात मिसळून जातं. डोळ्यांसमोर बंद बटण येतं खरं, पण ते आजचंच कशावरून?

म्हणजे जास्त तपासून उपयोग नाही, उलट नुकसान. आजची खूण कालच्यापेक्षा वेगळी दिसली पाहिजे, किंवा हातात तरी राहिली पाहिजे.

१६ फेब्रुवारी

दोन आठवड्यांच्या नोंदी काढल्या. एकूण ३१ वेळा इस्त्री झाली. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ विसरून चालू राहिली, असं चारदा. कागदावरची अक्षरं जुळवली.

त, त, ध, त.

ब एकदाही नाही. ७ तारखेची सकाळ ८.२२ ची, तीही माझीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. पहिल्या पानावरचं प्रकल्पाचं नाव खोडलं.

मग आज रविवारी बाबा इस्त्रीला बसले तेव्हा मी स्टूल घेऊन शेजारी बसले. आधी सदरे. मग पायजमे. मग रुमालांची चळत पुढे ओढली, आणि पहिल्या रुमालाला हात लावायच्या आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, पिन काढली, वायरीचा सैल वेटोळा करून ठेवला. आणि पिन काढलेल्या इस्त्रीने सहाच्या सहा रुमाल केले. शेवटच्यावर जरा जोर द्यावा लागला.

"बाबा, हे असं का?"

"रुमालाला कशाला हवी वीज? तापलेली असतेच की."

"पण कधीपासून?"

"अगं, कोळशाच्या इस्त्रीतही शेवटी निखारे विझत आले की रुमालच करायचे." आणि मग, वर न बघता, "म्हटलं होतं ना, बंद केली होती."

मी सॉरी म्हणाले. त्यांनी सातवा रुमाल म्हणून माझा फडका पुढे ओढला.

मानसशास्त्रात या जातीच्या चुकीवर १९९७ सालचा बर्न आणि बोव्हेअर यांचा अभ्यास आहे. मूळ काम उरकल्यानंतरची जी पायरी उरते, ती माणूस हमखास गाळतो. झेरॉक्स हातात आली की मूळ कागद काचेवरच राहतो. कारण डोक्याने 'झालं' अशी मोहोर उमटवलेली असते. म्हणूनच बऱ्याच एटीएममध्ये आधी कार्ड काढून घ्यावं लागतं, पैसे नंतर मिळतात. पैसे आधी दिले असते तर कार्डं मशीनमध्येच राहिली असती.

इस्त्रीचं तेच. माझं काम 'इस्त्री बंद करणं' नसतंच, 'शर्ट घालून निघणं' असतं. शर्ट झाला की माझ्या दृष्टीने सगळं झालं. बाबांनी बंद करायची पायरी कामाच्या शेपटीतून उचलून कामाच्या पोटात टाकली आहे. रुमाल बाकी असताना बटण बंद होतं, तेव्हा ते विसरायला जागाच उरत नाही. यात स्मरणशक्तीचा काही संबंध नाही, आणि मी सहा आठवडे त्यांच्या स्मरणशक्तीसाठी यंत्र करत होते.

२३ फेब्रुवारी

यंत्र तरीही करायचं, आता माझ्यासाठी. फोन, संदेश, सगळं काढून टाकलं.

आधी छोटा निळा रिले, म्हणजे यंत्राच्या आदेशावर चालू-बंद होणारं बटण, लावून पाहिला, त्यावर १० अँपिअर छापलेलं असतं तो. जुन्या इस्त्रीच्या कॉइलवर चालू-बंद, चालू-बंद असा दिवसभर ठेवला. संध्याकाळी बंदचा आदेश दिला तर आतून टिक् आवाज आला आणि करंट चालूच. संपर्क वितळून जुळलेले. सुरक्षेचं यंत्र चालू अवस्थेत मरत असेल तर ते नसलेलं बरं. निदान माणूस त्याच्या भरवशावर राहत नाही.

त्यातच परवा वीज गेली. मी इस्त्री करत होते, कंटाळून उठले, बाहेर गेले. तासाभराने वीज आली आणि इस्त्रीही. बाबांनी बंद केली, नेहमीप्रमाणे. बटण चालू असताना वीज गेली की इस्त्री बंद झाल्यासारखी वाटते, पण ती फक्त थांबलेली असते.

याचं उत्तर कारखान्यात केव्हापासून आहे. लेथ मशीनची वीज जाऊन आली तर मशीन आपोआप सुरू होत नाही, हिरवं बटण पुन्हा दाबावं लागतं. कॉन्टॅक्टर (जड करंटसाठीचा दणकट रिले) आणि होल्डिंग. बटण दाबलं की कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि स्वतःच्याच एका संपर्कातून स्वतःला धरून ठेवतो. वीज गेली की हात सुटतो, आणि सुटला तो सुटला.

त्यालाच टायमर जोडला, २० मिनिटांचा. धाकट्याने चांगला प्रश्न काढला: "टायमरच मेला तर?" आधीच्या जोडणीत टायमर मेला असता तर इस्त्री चालूच राहिली असती. म्हणून उलटं केलं. टायमरला वीज मिळून तो जिवंत असेल तरच त्याचा संपर्क मिटतो आणि कॉन्टॅक्टरला वीज पोचते. वीस मिनिटं झाली की उघडतो. मेला तर इस्त्री सुरूच होणार नाही. आणि नियम एकच: या डब्याने इस्त्री बंद करायची. चालू फक्त माणसाच्या बोटाने, तेही टेबलाशेजारी उभं राहून.

कॉन्टॅक्टर २५ अँपिअरचा घेतला. तोही चिकटू शकतो, म्हणून त्याच्या पुढच्या बाजूला एक निऑन दिवा, बाहेर पडायच्या दाराशेजारी. हा दिवा थर्मोस्टॅटच्या अलीकडे आहे. हा खोटं बोलत नाही.

२ मार्च

इस्त्रीच्या निमित्ताने घरभर हात फिरवला. पलंगाखाली एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडलेलं होतं, तोडलं. हीटर भिंतीतल्या सॉकेटवरच लावायचा. रिळावर गुंडाळलेली वायर जड उपकरणाला वापरायची तर पूर्ण उलगडून, नाहीतर आतली वेटोळी एकमेकींना तापवतात. फ्रिजच्या मागची धूळ काढली, मुठीएवढी निघाली. फ्रिज कधी बंद होत नाही म्हणून कोणाला आठवतही नाही; लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची १४ जून २०१७ ची आग चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजपाशी सुरू झाली होती. ७२ माणसं गेली. इमारतीच्या बाहेरच्या आवरणाने ती पसरवली हे खरं, पण ठिणगी स्वयंपाकघरातली. धाकट्याचा फोन उशीखाली चार्जिंगला असतो, त्यावर भांडण झालं, अजून निकाल नाही.

धुराचा अलार्म घेतला, प्रकाशावर चालणारा. दुसरा प्रकार आयोनायझेशनचा, तो भडकत्या ज्वाळांना लवकर ओळखतो. धुमसणाऱ्या आगीचा जाड धूर प्रकाशावर चालणाऱ्याला आधी कळतो, आणि इस्त्रीची आग धुमसणारी असते. महिन्यातून एकदा बटण दाबून बघायचं, दहा वर्षांनी बदलायचा.

अग्निशामक एबीसी पावडरचा, दाराजवळ टांगला. टेबलाशेजारी नाही. आगीच्या पलीकडे हात घालून काढावा लागणारा अग्निशामक कोणाच्या कामाचा? चालू उपकरणावर पाणी ओतायचं नाही, आधी वीज तोडायची, हे ६ जानेवारीला माझ्याकडून बरोबर झालं. शहाणपणाने नाही, बटण बादलीपेक्षा जवळ होतं म्हणून.

९ मार्च

डबा भिंतीवर चढला, वायरमनने जोडणी तपासली. अठरा मिनिटांना बझर, हवं तर हिरवं बटण दाबून आणखी वीस मिनिटं, नाहीतर खट् आवाज होऊन बंद.

मी आता शेवटी रुमाल ठेवते. रुमाल नसले तर टेबलाची चादरच एकदा सपाट करते, पिन काढून. पिन काढली की दाराशी नेऊन खुंटीला अडकवायला आमची वायर पुरत नाही, नाहीतर तेही केलं असतं. त्याऐवजी घराची किल्ली त्या सॉकेटच्या खिळ्याला टांगली आहे. किल्ली घ्यायला सॉकेटपाशी जावंच लागतं.

आणि दारातून दिव्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणते, "विझलाय, रविवार." जपानी रेल्वेतले चालक आणि गार्ड असंच सिग्नलकडे बोट करून बोलतात. तिथल्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेच्या १९९४ च्या चाचणीत शंभर कृतींमागे होणाऱ्या चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या होत्या. वाराचं नाव मी जोडलं. कालच्या आठवणीत आजची मिसळू नये म्हणून. धाकटा हसतो. हसू दे, जिन्यातून परत येणं थांबलंय.

गेल्या नऊ दिवसांत टायमरने इस्त्री बंद केली ती दोनदा. एकदा त, एकदा ध.

बाबा डबा वापरतात, पण बझर व्हायच्या आत त्यांचे रुमाल सुरू झालेले असतात. फक्त आज दुपारी माझ्यामुळे बझर वाजला आणि त्यांची झोप मोडली. उरलेलं काम: बझरच्या भोकावर टेप लावून आवाज कमी करणे.